‘मोफत शुगर तपासणी’चा फॉर्म भरला, फोन मात्र ट्रायलचा आला: बाबांनी जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. वडील 61 वर्षांचे, चिंचवडला राहतात, कंपनीतून निवृत्त. अकरा वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, शेवटचं एचबीए1सी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 8.9. फेसबुकवर मधुमेहींच्या एका ग्रुपमध्ये एका सदस्याने लिहिलं होतं, ‘मलाही खूप वर्षं शुगर होती, या डॉक्टरांकडच्या नवीन औषधाने खूप फरक पडला, मोफत तपासणीसाठी खालचा फॉर्म भरा.’ बाबांनी भरला. तिसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला: ‘काका, तुमची निवड झाली आहे. आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट घेऊन सोमवारी उपाशीपोटी या. शुगरच्या गोळ्या शनिवारपासून बंद ठेवा.’ लेकीने खोदून खोदून विचारलं तेव्हा, ‘हो, स्टडी आहे, पण काळजीचं काही नाही,’ असं उत्तर मिळालं. लेक विचारते आहे, जाऊ द्यायचं का? आणि फॉर्मात दिलेल्या माहितीचं काय?

सगळ्यात आधी तातडीचं सांगते. गोळ्या बंद करू नका. आज रात्रीची गोळी आज रात्रीच घ्यायची. औषध चाचणीत काही वेळा चालू औषध थोडे दिवस थांबवतात, त्याला आम्ही वॉशआउट म्हणतो. पण तो चाचणीचाच भाग असतो, आणि चाचणीचा कुठलाही भाग संमतीच्या सहीआधी सुरू करता येत नाही. कागद दाखवलेला नाही, डॉक्टर भेटलेले नाहीत, आणि फोनवरून एक अनोळखी व्यक्ती 61 वर्षांच्या माणसाला गोळ्या थांबवायला सांगते आहे, हे एवढंच मला पुरेसं आहे. उलटा धोकाही लक्षात घ्या. ग्लिमेपिराइड घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल त्या दिवशी गोळी कधी घ्यायची, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारा.

आता बाकीचं सविस्तर. मी पुण्यात एकोणीस वर्षं औषध चाचण्यांच्या, म्हणजे ट्रायलच्या, क्षेत्रात आहे. पहिली दहा-अकरा वर्षं कोऑर्डिनेटर होते, म्हणजे पेशंटला बसवून माहितीपत्रक वाचून दाखवणारी, तारखा सांभाळणारी, रात्री-बेरात्री त्यांचे फोन घेणारी. आता एका एथिक्स कमिटीवर आहे, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्या आणि सहभागी लोकांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीवर. ट्रायल म्हणजे माणसांवर प्रयोग, लांब राहा, असं मी म्हणणार नाही. बाबा घेतात त्या दोन्ही गोळ्या कुणीतरी आधी चाचणीत घेतल्या, म्हणून आज त्यांच्यापर्यंत पोचल्या. माझ्या सख्ख्या मावशीला इन्सुलिनच्या एका ट्रायलमध्ये मीच पाठवलं होतं. माझी तक्रार ट्रायलविषयी नाही, दारावर लावलेल्या पाटीविषयी आहे. आत संशोधन चालू असताना बाहेर ‘तपासणी शिबिर’ लिहिलेलं असेल, तर आत गेलेल्या माणसाची सही ही माझ्या लेखी संमती नाही.

पाटी बदलून पेशंट गोळा करणं एवढं का वाढलं, ते आधी समजून घ्या. 2007 मध्ये रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो की काय, असा प्रश्न उभा राहिला. 2008 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, सांगितलं की मधुमेहाचं नवं औषध आणायचं असेल तर साखर कमी होते एवढं पुरणार नाही, ते हृदयाला घातक नाही हेही दाखवा. भारताने 2010 मध्ये रोझिग्लिटाझोनची विक्रीच बंद केली. एफडीएची ती मागणी योग्य होती, पण त्यामुळे चाचण्यांचा आकार बदलला. सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळीच्या हृदयविषयक चाचणीत 14,671 माणसं होती, डापाग्लिफ्लोझिन या दुसऱ्या गोळीच्या चाचणीत 17,160. चाचणीसाठी एवढे मधुमेही एका शहरात मिळत नाहीत, देशोदेशी शोधावे लागतात. आणि आपल्याकडे ते पुष्कळ आहेत. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. सगळ्यात वरचं प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के. त्यात आता वजन आणि साखर दोन्ही उतरवणाऱ्या इंजेक्शनांची भर पडली. त्यातल्या सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचं, त्यामुळे त्याआधीच देशी कंपन्यांनी आपापल्या इंजेक्शनच्या चाचण्या इथल्या पेशंटवर सुरू केल्या. पेशंट हवेत, आणि लवकर हवेत.

चाचणी केंद्राला, म्हणजे जिथे चाचणी होते त्या दवाखान्याला, पैसे मिळतात ते बहुधा दर पेशंटमागे. अनेक चाचण्यांत सगळ्या केंद्रांची मिळून एकच संख्या ठरलेली असते. ज्याने आधी भरले त्याचे मोजले, संख्या पूर्ण झाली की भरती बंद. मग एखादं केंद्र किंवा मधली एजन्सी जाहिरात कंपनीला काम देते. जाहिरात कंपनीला पेशंट म्हणजे काय ते माहीत नसतं, तिला माहीत असते ‘लीड’: एक नाव, एक मोबाइल नंबर, एक एचबीए1सी. ‘औषध चाचणीत सहभागी व्हा’ लिहिलं तर शंभरातले बरेच जण पुढे सरकतात. ‘मोफत तपासणी’ लिहिलं की फॉर्म भरले जातात. लपवण्याचं कारण एवढंच आहे. त्यात फार मोठा कट असतो असं नाही. पण परिणाम मोठा होतो, तो कसा, ते मी जवळून पाहिलेल्या एका प्रकरणावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलते आहे.

सासवड बाजूचे एक काका होते, साठीच्या आतबाहेरचे. मुलाने व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून ‘मधुमेह शिबिरा’त नाव घातलं. केंद्रात गेल्यावर त्यांना सोळा पानी मराठी माहितीपत्रक दिलं, समजावून सांगितलं, प्रत्येक पानावर सही घेतली. कागद बघाल तर एक काना-मात्रा चुकलेली नव्हती. पण काका शिबिराला आले होते. शिबिरात सह्या घेतात, आधार बघतात, रक्त काढतात, हे त्यांना सवयीचं. समोर जे जे सांगितलं गेलं ते त्यांनी ‘शिबिराचे नियम’ म्हणून ऐकलं. जुनी गोळी थांबवली, साखर चढली. ते सवयीप्रमाणे गावच्या डॉक्टरांकडे गेले. शिबिराची गोष्ट त्यांना सांगण्यासारखी वाटली नाही, शिबिरं होतच असतात. डॉक्टरांनी साखर पाहून ग्लिमेपिराइड वाढवून दिलं. पुढच्या आठवड्यात केंद्रात अभ्यासाचं, म्हणजे चाचणीतलं, औषध सुरू झालं. तिसऱ्या रात्री चार वाजता काकूंना जाग आली ती त्यांच्या घोरण्याच्या विचित्र आवाजाने. अंग घामाने थबथबलेलं, हाक मारली तर ओ नाही. शुगर 42, म्हणजे फारच खाली. काकूंनी जिभेखाली साखर चोळली, शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना गाठला, आणि काका वाचले. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, श्वासनलिकेत जाऊ शकतं. पण चार वाजता, एकटीने, त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं.)

प्रत्येक सहभागी माणसाला आम्ही एक छोटं कार्ड देतो. त्यावर अभ्यासाचं नाव आणि चोवीस तास लागणारा नंबर असतो, म्हणजे कुठल्याही दवाखान्यातल्या डॉक्टरांना लगेच कळावं की हा माणूस चाचणीत आहे, आणि गरज पडली तर त्याला नेमकं काय दिलं जातंय ते उघड करून घेता यावं. काकांचं कार्ड कपाटात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात होतं. ‘शिबिराचं कार्ड’ म्हणून ठेवलेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना दुपारपर्यंत पत्ता नव्हता.

प्रकरण कमिटीसमोर आलं तेव्हा आम्ही सगळे कागदांत डोकं घालून बसलो. सह्या बरोबर, तारखा बरोबर, घटना कळल्यापासून चोवीस तासांत कळवलेलं. आमच्या कमिटीत सर्वसामान्य नागरिकाच्या जागेवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी एकच विचारलं: ‘त्यांना पहिल्यांदा काय सांगितलं होतं?’ त्याचा कागद फाइलमध्ये नव्हता. लिंक काढून टाकलेली होती. मुलाच्या फोनमध्ये एक अर्धवट स्क्रीनशॉट सापडला, त्यात हसरे आजी-आजोबा, ‘मोफत’ हा शब्द तीनदा, आणि संशोधन, चाचणी, अभ्यास यातला एकही शब्द नाही. तो मजकूर आमच्याकडे मंजुरीसाठी कधी आलाच नव्हता. मीही त्या कमिटीवर होते आणि ‘पेशंट कुठून आणता?’ हा प्रश्न मीही त्या केंद्राला आधी विचारला नव्हता. ती बैठक मला अजून आठवते.

म्हणून मी म्हणते की संमती सहीपाशी सुरू होत नाही, पहिल्या निरोपापाशी सुरू होते. हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शनात कधीपासून लिहिलेलं आहे की थेट जाहिरात हीच माहितीपूर्ण संमतीची सुरुवात आहे. आपल्याकडे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम 2019 मध्ये एथिक्स कमिटीच्या मंजुरीपत्राचा जो नमुना दिला आहे, त्यात कमिटीने पाहिलेल्या कागदांच्या यादीत सहभागी मिळवण्याच्या पद्धती आणि त्यासाठी वापरायच्या जाहिराती यांची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे भिंतीवरचं पोस्टर असो की फेसबुकवरची चार ओळींची पोस्ट, ती कमिटीने पाहिलेली असायला हवी. व्हॉट्सॲप फॉरवर्ड आहे, कुणी खाजगीत टाकलंय, अशी सूट त्यात नाही.

सरळ जाहिरात कशी दिसते? ‘मधुमेहावरील एका संशोधनात सहभागी होण्यासाठी’ असे शब्द पहिल्या ओळीत असतात. औषध अजून चाचणीखाली आहे हे सांगितलेलं असतं. वयाची आणि आजाराची साधारण अट, केंद्राचं नाव, संपर्काचा नंबर असतो. ‘मोफत उपचार’ हे तिथे शोभत नाही, कारण जे दिलं जाणार ते उपचार आहे की नाही हेच तर तपासायचं आहे. ‘मधुमेह कायमचा बरा’ असं कुणी लिहिलं असेल तर तो वेगळाच गुन्हा आहे. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर अशी जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत मधुमेह आहे.

आता तुमच्या बाबांनी वाचलेली पोस्ट. ‘नवीन औषधाने मला फरक पडला.’ थोडा विचार करा. मधुमेहाच्या मोठ्या चाचण्या बहुतेक दुहेरी आंधळ्या असतात. कुणाला नवीन औषध, कुणाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, किंवा आधीपासून बाजारात असलेलं औषध. कोणाला काय, हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. मग या सदस्याला कसं कळलं की आपल्याला नवीन औषधच मिळालं? एक तर तो चाचणीत नाही आणि कुणीतरी लिहून दिलेलं टाकतो आहे, किंवा चाचणीत आहे आणि त्याला जे माहीत असूच शकत नाही ते सांगतो आहे. शिवाय चाचणीत गेल्यावर साखर बऱ्याच जणांची थोडी तरी उतरते, प्लासिबोवाल्यांचीसुद्धा. दर काही आठवड्यांनी कुणीतरी वजन करतं, जेवणाचं विचारतं, ग्लुकोमीटर हातात देतं. पथ्य आपोआप पाळलं जातं. तो फरक खरा असतो, पण तो त्या औषधाचा असेलच असं नाही.

अशी पोस्ट टाकणाऱ्याला दर फॉर्ममागे काही मिळतं का, हे बाहेरून कळत नाही. त्याला ग्रुपमध्येच, सगळ्यांसमोर, सभ्यपणे विचारा: ‘तुमचा या केंद्राशी काय संबंध? यासाठी काही मानधन आहे का?’ सरळ माणूस उत्तर देतो. पोस्टच गायब झाली तर तेही उत्तरच. मला या ग्रुपांविषयी फार वाटतं, कारण तिथे लोक रात्री दोन वाजता पायाच्या जळजळीविषयी लिहितात, बायकोशी जे बोलले नाहीत ते लिहितात. तिथला विश्वास दर नगामागे विकला जाणं ही मला औषधाच्या एखाद्या दुष्परिणामाइतकीच गंभीर गोष्ट वाटते.

बाबांची निवड का झाली, तेही सांगते. ‘निवड’ हा शब्द फोनवर फार गोड लागतो. 8.9 हे एचबीए1सी अशा अभ्यासांना हवंच असतं. साधारण साडेसात ते दहा-साडेदहाचा पट्टा अनेक चाचण्यांत असतो. त्याहून कमी असेल तर औषधाने फरक पडला हे दिसणार नाही, जास्त असेल तर प्लासिबोवर ठेवणं धोक्याचं. म्हणजे बाबांची साखर नीट आटोक्यात नाही, हीच त्यांची पात्रता. आणि नेमकं म्हणूनच हा प्रश्न आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यायला हवा, कारण चाचणीशिवायही आज पर्याय आहेत. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात 2020 मध्ये संपलं, सिटाग्लिप्टिनचं 2022 मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. दहा वर्षांपूर्वी ‘महागडं नवीन औषध फुकट मिळतंय’ या एका कारणासाठी ट्रायलला जाणारे पेशंट मी खूप पाहिले. आज त्यातली बरीच औषधं देशी कंपन्यांच्या गोळ्यांत पुष्कळ स्वस्त झाली आहेत. बाबांच्या किडनीचे आणि हृदयाचे रिपोर्ट बघून डॉक्टर तिसरी गोळी जोडतील, कदाचित तेवढ्याने काम होईल. ते झाल्यावरही ट्रायलला जावंसं वाटलं तर जावं, पण दुसरा उपाय नाही असं समजून जाऊ नये.

जायचं ठरलं, किंवा नुसतं पारखून पाहायचं ठरलं, तर फोनवर पहिल्यांदा मागा तो सीटीआरआय नंबर. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही आयसीएमआरची नोंदवही आहे, 2007 पासूनची. औषध चाचण्यांची नोंद जून 2009 पासून सक्तीची आहे, आणि एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. नंबरात सीटीआरआयच्या पुढे वर्ष, महिना आणि क्रमांक असतो. तो त्यांच्या वेबसाइटवर टाकला की कुठलं औषध, कशाशी तुलना, पैसे कोण घालतंय, कुठकुठल्या केंद्रांत, तिथले मुख्य डॉक्टर कोण, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, हे सगळं कुणालाही दिसतं. तुम्हाला फोनवर सांगितलेला पत्ता आणि डॉक्टर त्या यादीत आहेत का, एवढं पाहा. आकड्यांत गोंधळ वाटला तर बाबांच्या डॉक्टरांना दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. नंबर सांगायला टाळाटाळ झाली, ‘इथे आल्यावर सांगू’ म्हणाले, तर जाऊ नका. भरती चालू असलेल्या खऱ्या चाचणीचा नंबर कोऑर्डिनेटरला तोंडपाठ असतो. मला माझे जुने अजून आठवतात.

एक भेद इथेच करते. ‘ट्रायल पॅक’, ‘तीन महिन्यांचा संशोधन कार्यक्रम, फी फक्त एवढी’ अशा नावांनी जे चालतं ते बहुतेक वेळा चाचणी नसतेच, ती विक्री असते. औषध कंपनीच्या चाचणीत अभ्यासाच्या औषधाचे, अभ्यासासाठीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. उलट येण्याजाण्याचा खर्च देतात.

केंद्रात गेलात तर माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी घेऊन या. हा हक्क आहे, उपकार नाही. ‘आजच सही केली तरच जागा आहे’ हे वाक्य ऐकलं की उठा. घरी सावकाश वाचा, आणि शोधा: जुनी औषधं थांबवणार का, किती दिवस? प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? साखर कितीच्या वर गेली की वेगळं औषध देऊन सावरतील? हा आकडा पत्रकात नसेल तर मुख्य डॉक्टरांना विचारा आणि उत्तर लिहून घ्या. बाबांच्या बाबतीत हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, 8.9 वरून सुरुवात करून सहा महिने नुसत्या आशेवर राहायचं नाही. इंजेक्शनचा अभ्यास असेल तर मळमळ, उलट्या, जेवण कमी होणं यावर काय करायचं तेही विचारा. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांच्या गटातलं औषध असेल तर लघवीच्या जागेचा संसर्ग, आणि साखर फार वाढलेली नसतानाही होऊ शकणारी किटोअॅसिडोसिस ही रक्तात आम्ल साचण्याची गंभीर अवस्था, यांची लक्षणं घरातल्या दोघांना तरी पाठ असायला हवीत.

पुढे एका रकान्यापाशी बहुतेक घरं थबकतात. संमतीपत्रात व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न विचारतात, आणि वारसदाराचं नाव, पत्ता, नातं. मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची यासाठी. ते वाचून एक मुलगा माझ्या समोरून वडिलांना हाताला धरून घेऊन गेला होता. मला त्याचा राग आला नाही. पण तो रकाना लोकांनी भांडून मिळवलेला आहे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, बेफिकीर चाचण्यांची प्रकरणं उजेडात आली, आणि जानेवारी 2013 मध्ये भरपाईचे नियम आले. आज नियम असा आहे की चाचणीत इजा झाली तर गरज असेल तोवर, किंवा ती चाचणीमुळे झालेली नाही हे सिद्ध होईतोवर, उपचार मोफत. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई सूत्राने काढतात: 8 लाख ही मूळ रक्कम, तिला वयाचा आणि आजाराच्या जोखमीचा गुणक. हे सगळं मिळतं कुणाला? ज्याला आपण चाचणीत आहोत हे माहीत आहे, ज्याच्याकडे सहीच्या कागदाची प्रत आहे, ज्याच्या घरच्यांना नंबर ठाऊक आहे, त्याला. शिबिराला गेलेल्या माणसाच्या घरचे कशाच्या आधारावर दार ठोठावणार?

आणि धोका कधीकधी चाचणी चालू असताना उलगडतो. 2002 मध्ये रागाग्लिटाझार नावाच्या मधुमेहाच्या औषधाच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण इकडे माणसांना औषध दिलं जात असतानाच तिकडे उंदरांवरच्या दीर्घ तपासण्यांत मूत्राशयात गाठी दिसल्या. सहभागी लोकांत भारतीयही होते. असं झालं की प्रत्येक सहभागी माणसापर्यंत पोचून सांगावं लागतं, औषध बंद करा, तपासणीला या, पुढची काही वर्षं लघवीत रक्त दिसलं तर कळवा. ‘तेव्हा एका शिबिरात काहीतरी गोळ्या दिल्या होत्या’ एवढीच आठवण असलेल्या माणसाला हा निरोप कसा समजणार?

बाबा सामील झाले तर गावच्या, नेहमीच्या, दातांच्या, सगळ्या डॉक्टरांना सांगा. कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड पाकिटात. नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे त्या हॉस्पिटलमधले त्यांचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त औषध मनानेच बंद करून गप्प बसू नका, कळवून बाहेर पडा, म्हणजे शेवटची तपासणी होईल आणि जुनी औषधं नीट सुरू होतील.

फॉर्मात गेलेल्या माहितीचं काय, हेही तुम्ही विचारलं आहे. नाव, नंबर, एचबीए1सी आणि औषधांची यादी एकदा गेली की ती किती हातांत फिरते सांगता येत नाही. ‘मधुमेह रिव्हर्सल’वाल्यांचे, विम्यावाल्यांचे फोन सुरू झाले तर नवल वाटू देऊ नका. संमती मागे घेण्याचा, माहिती पुसायला सांगण्याचा हक्क 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मान्य केला आहे, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. तुम्ही आजच एक लेखी मेसेज पाठवून ठेवा: ‘माझी माहिती पुसावी, आणि ती कुणाकुणाला दिली ते कळवावं.’ आधारचा फोटो फोनवरून पाठवला नसेल तर उत्तम, पाठवू नका. ओळखपत्र पुढे प्रत्यक्ष भेटीत लागू शकतं, ‘निवडी’साठी लागत नाही.

तक्रार करायची असेल तर केंद्राच्या रिसेप्शनवर भांडून उपयोग नाही, आणि फोन करणाऱ्या मुलीवर चिडूनही नाही. तिला रोजच्या फोनांचा आकडा दिलेला असतो, आणि तिने वाचलेली वाक्यं दुसऱ्या कुणी लिहिलेली असतात. एथिक्स कमिटीला लिहा. कमिटीचा संपर्क माहितीपत्रकात द्यावाच लागतो. केंद्राची स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा 50 किलोमीटरच्या आतली दुसरी कमिटी लक्ष ठेवते, म्हणजे ती तुमच्यापासून फार लांब नसते. कमिटीत निम्मे तरी सदस्य त्या संस्थेबाहेरचे असतात, एक कायदा जाणणारा, एक सर्वसामान्य नागरिक. तुमचं पत्र वाचणारं माणूस तिथे असतं. पत्रात फक्त घडलेलं लिहा: अमुक तारखेला अमुक मजकूर, त्यात संशोधनाचा उल्लेख नाही, सही घेण्याआधी गोळ्या बंद करायला सांगितलं. ही शेवटची ओळ वाचून कमिटी हलते. उत्तर आलं नाही तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, म्हणजे सीडीएससीओकडे पाठवा. त्यांचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत आहे.

तर सोमवारी काय करायचं? बाबांना नेहमीसारखा नाश्ता द्या, नेहमीची गोळी द्या. साडेदहाला त्या नंबरवर फोन लावा, फोन स्पीकरवर ठेवा, बाबांनाच बोलू द्या. त्यांनी तीन गोष्टी मागायच्या: सीटीआरआय नंबर, मुख्य डॉक्टरांचं नाव, आणि मराठी माहितीपत्रक. तीनही मिळाली तर पत्रक घेऊन आधी फॅमिली डॉक्टरांकडे जा. त्याच आठवड्यात 8.9 चं काय करायचं तेही त्यांना विचारून घ्या, ते काम ट्रायल असो-नसो राहिलेलंच आहे. आणि फेसबुकवरची ती पोस्ट अजून तिथे असेल तर आत्ता, हे वाचून संपताच, तारीख आणि खालच्या कॉमेंट्ससकट तिचा पूर्ण स्क्रीनशॉट काढून ठेवा. सासवडच्या काकांच्या फाइलमध्ये आमच्याकडे अर्धाच होता.